ड्रिंक अँड ड्राइव्हची केस: दहा हजार भरले की सुटका होते का?

रानमळा_भोर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ पुण्यात एका कंपनीच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर आहे. शनिवारी रात्री चुलत बहिणीच्या हळदीहून स्वतःच्या मोटरसायकलवर परत निघाला होता. हळदीत जेवणाआधी पोरं बसली होती, त्यात हाही होता. कात्रजच्या अलीकडे नाकाबंदी लागली होती, तिथे मशीनमध्ये फुंकायला लावलं. रीडिंग ७८ आलं. लायसन्स काढून घेतलं आणि एक पावती दिली. मोटरसायकल दुसऱ्या दिवशी मी जाऊन आणली. आता कोर्टात हजर व्हायचं आहे.

त्याच्या ओळखीतला एक जण म्हणतो, "कोर्टात गुन्हा कबूल कर, दहा हजार भर, अर्ध्या तासात मोकळा. पावती आहे ना, तोवर त्यावर बस चालव." कंपनीत अजून काही सांगितलेलं नाही. घर त्याच्या पगारावर चालतं. लायसन्स गेलं तर काय करायचं, हाच खरा घोर आहे.

त्याने केलं ते चूक आहे, यात दुमत नाही. पण पुढे नेमकं काय होतं ते कुणीतरी नीट सांगा.

कृष्णाकाठ

रानमळा दादा, राग मानू नका. माझा भाऊ मिरज रस्त्यावर एका प्यायलेल्या टेम्पोवाल्याच्या धडकेत गेला. त्यामुळे "लायसन्स कसं वाचवायचं" असं कुणी विचारलं की माझ्या हातून शांतपणे उत्तर लिहिलं जात नाही. तुमचा भाऊ नाकाबंदीत सापडला, पुढच्या वळणावर कुणाच्या दारात रडारड झाली नाही. आधी हे त्याच्या गळी उतरवा, कायद्याचं नंतर बघता येईल.

वाट_चुकलेला

ताई, तुमचं दुःख मोठं आहे. पण धागाकर्त्यांनी चूक नाकारलेली नाही, पुढे काय होणार एवढंच विचारलंय. तेही कळायला हवं.

बाकी माझ्या माहितीप्रमाणे लोकअदालतीत ही केस कमी पैशांत मिटते. वाहनांच्या चलानांना तिथे सूट मिळते ना?

तालुका_कोर्ट (वकील)

या धाग्यावर आत्ताच दोन-तीन चुकीच्या समजुती दिसतात. त्या तशाच पसरू नयेत म्हणून सविस्तर लिहितो. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि अशा केसेस नेहमी येतात.

लोकअदालतीचं आधी. हेल्मेट, सिग्नल वगैरेंची चलानं तडजोडीची असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये ज्या गुन्ह्यांची तडजोड होऊ शकते त्यांची यादी आहे, आणि कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, त्या यादीत नाही. जो गुन्हा कायद्याने तडजोडीचा नाही, तो लोकअदालतीपुढे मिटवताच येत नाही. रस्त्यावर दंड भरूनही तो संपत नाही. मॅजिस्ट्रेटसमोरच जावं लागतं. कुणी "आतून मिटवून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर तो फसवतोय, हे धरून चाला.

आता शिक्षा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर कलम १८५ लागतं. पहिल्या वेळेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळेस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ पासून हे आकडे आहेत, त्याआधी पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त दोन हजार होता. त्याच दुरुस्तीत आणखी एक बदल झाला, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत झाला तरच वाढीव शिक्षा होती. ती तीन वर्षांची अट काढून टाकली. आज कबुली देऊन दंड भरला आणि दहा वर्षांनी पुन्हा सापडला, तरी तो "दुसरा गुन्हा" धरला जाऊ शकतो.

आणि आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. दंड ही या केसमधली सगळ्यात हलकी गोष्ट आहे. लायसन्सवर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून गदा येते आणि त्या दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही.

पहिलं ठिकाण कोर्ट. कलम २० च्या पोटकलम २ प्रमाणे १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला कोर्टाने लायसन्ससाठी अपात्र ठरवायचंच आहे, आणि तेही कमीत कमी सहा महिने. इथे कोर्टाला मोकळीक ठेवलेली नाही. कबुली दिली म्हणजे दोषी ठरला. म्हणजे ज्याला "अर्ध्या तासात मोकळा" म्हणतात, त्या अर्ध्या तासात तुमचा भाऊ सहा महिन्यांसाठी स्टिअरिंगवरून उतरू शकतो. काही वेळा घाईगर्दीत नुसता दंड होऊन प्रकरण संपल्याचं लोक सांगतात. त्या भरवशावर पोटापाण्याचा निर्णय घेऊ नका.

दुसरं ठिकाण आरटीओ. २०१९ पासून कलम २०६ मध्ये पोटकलम ४ आलं. १८५ चा गुन्हा झालाय असं मानायला कारण असेल तर पोलिसाने लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवायचं असतं. मग कलम १९ खाली आरटीओ सुनावणी घेतं. पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता, दुसऱ्याला लायसन्स रद्द. यासाठी कोर्टाचा निकाल लागायची वाट बघावी लागत नाही.

पावतीबद्दल तर फार मोठा गैरसमज आहे. इतर कारणांनी लायसन्स घेतलं तर मिळालेल्या पावतीवर गाडी चालवता येते, म्हणून लोक सगळ्याच पावत्या सारख्या समजतात. २०६(४) खाली मिळालेली पावती गाडी चालवायचा अधिकार देत नाही. लायसन्स परत हातात येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मोटरसायकलवर पकडलं म्हणून बस चालते असंही नाही, लायसन्स एकच आहे.

रानमळा, तुमचा भाऊ आजही बस चालवतोय का? तसं असेल तर उद्या सकाळपासून थांबवा.

रानमळा_भोर (धागाकर्ता)

वकीलसाहेब, खूप आभार. हो, सोमवारपासून तो ड्युटीवर जात होता. तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला आणि आजपासून बंद केलं. सुपरवायझरना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते चिडले, पण नोकरीवरून काढलं नाही. तूर्त डेपोत गाड्या धुण्या-पुसण्याचं आणि नोंदीचं काम देतो म्हणाले. पगार कमी होईल.

अजून एक. डिजिलॉकरमध्ये लायसन्सची प्रत आहे. ती चालत नाही का?

तालुका_कोर्ट (वकील)

नाही. डिजिलॉकरमधली प्रत ही त्याच लायसन्सची प्रत. मूळ जप्त आहे आणि आदेश झाला की सारथी या लायसन्सच्या सरकारी संगणक प्रणालीतल्या नोंदीतही तो दिसतो. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली वेगळा गुन्हा होतो: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. अपात्र माणसाच्या हातात गाडी देणारा मालकही अडकतो, त्यामुळे कंपनीला सांगितलंत ते कंपनीच्याही भल्याचं झालं. त्या काळात अपघात झाला असता तर विमा कंपनीने हात वर केले असते.

निवृत्त_निरीक्षक

मी मोटार वाहन विभागातून निवृत्त झालोय. वकीलसाहेबांनी कायदा बरोबर सांगितला, मी आरटीओच्या टेबलापलीकडचं सांगतो.

लायसन्स आमच्याकडे आलं की कारणे दाखवा नोटीस निघते. ती लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते. निम्म्या लोकांचा पत्ता जुना असतो. नोटीस परत येते, माणूस हजर राहत नाही आणि एकतर्फी आदेश होतो. मग कधीतरी लायसन्स नूतनीकरणाला माणूस येतो तेव्हा त्याला कळतं. त्यामुळे नोटिशीची वाट बघत बसू नका. पावती घेऊन स्वतः कार्यालयात जा, प्रकरण कुठल्या टेबलावर आलंय ते विचारा आणि सध्याचा पत्ता व मोबाइल नंबर लेखी द्या. पोहोच घ्या.

सुनावणीला नुसतं "साहेब, पोटावर पाय येईल" म्हणून भागत नाही. लेखी म्हणणं द्या. किती वर्षं लायसन्स आहे, आधीचा एकही अपघात किंवा गुन्हा नाही, कंपनीचं पत्र, नोकरीचा पुरावा, हे सगळं जोडा. मशीनच्या रीडिंगबद्दल काही खरीखुरी शंका असेल तर तीही लिहा. अधिकाऱ्याला दोन्ही अधिकार आहेत: कारवाई न करता सोडणं किंवा अपात्र ठरवणं. अपात्र ठरवायचं तर सविस्तर कारणं लेखी द्यावी लागतात. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. हे तीस दिवस लोक चौकशीत घालवतात आणि एकतिसाव्या दिवशी वकिलाकडे जातात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. अपात्रतेची मुदत संपली की लायसन्स आपोआप हातात पडत नाही. ड्रायव्हर रिफ्रेशर ट्रेनिंगचा कोर्स पूर्ण केला तरच परत मिळतं. कोर्स मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमधून किंवा केंद्राने अधिसूचित केलेल्या संस्थेतून झाला पाहिजे. मुदत संपायच्या आधीच त्याची चौकशी करून ठेवा, नाहीतर तेवढे दिवस आणखी घरी बसावं लागतं.

सांजवेळ

पण ही मशीनं बरोबर असतात का? माझ्या दिराला खोकल्याचं औषध घेतल्यावर दाखवलं होतं म्हणे.

डॉ_सातारा

औषध, माउथवॉश किंवा नुकताच घेतलेला घोट यांमुळे तोंडात राहिलेलं अल्कोहोल मशीनला चुकवू शकतं, हे खरं आहे. पण ते साधारण पंधरा मिनिटांत निघून जातं. म्हणून अशी शंका असेल तर तिथेच शांतपणे सांगावं की थोड्या वेळाने पुन्हा चाचणी घ्या. दोन्ही रीडिंग सारखी आली तर खोकल्याच्या औषधाची सबब टिकत नाही.

लोकांना ३० हा आकडा किती छोटा आहे याचीच कल्पना नसते. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याचं प्रमाण अंदाजे ४० मिलिग्रॅमच्या आसपास चढतं. म्हणजे एकच मोठा पेग, आणि माणूस कायद्याच्या रेषेपलीकडे. स्त्रियांमध्ये आणि कमी वजनाच्या माणसात ते आणखी जास्त. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे त्याच्या दुप्पट समजा.

उतरायचा वेग मात्र ठरलेला: तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. लिंबू सरबत, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, भरपेट मटण, यांतल्या कशानेही तो वाढत नाही. रात्री एक वाजेपर्यंत चार मोठे पेग घेतलेला माणूस सकाळी सात वाजता "झोप झाली, आता ठीक आहे" म्हणून मुलाला शाळेत सोडायला निघतो, तेव्हाही तो मर्यादेच्या वर असू शकतो. भल्या पहाटे स्टाफ बस काढणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांना हे कुणीतरी बसवून समजवायला हवं.

कृष्णाकाठ

डॉक्टरसाहेब, हे सकाळचं मला माहीत नव्हतं. आमच्या केसमधला टेम्पोवाला पहाटे निघाला होता.

वाट_चुकलेला

मशीनमध्ये फुंकायलाच नकार दिला तर? पुरावाच नाही मग.

तालुका_कोर्ट (वकील)

हा सल्ला बारमध्ये फुकट मिळतो आणि महाग पडतो. प्यायल्याचा वाजवी संशय असताना नकार दिला तर कलम २०३ खाली वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. मग पोलिस ठाण्यात रक्ताचा नमुना मागता येतो. तोही नाकारला तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच कोर्टात तुमच्या विरोधात सरकार पक्षाला बळ देणारी गोष्ट मानली जाऊ शकते, योग्य कारण दाखवलं नाही तर.

पण आरोपीच्या बाजूनेही कायद्यात काही गोष्टी आहेत आणि त्या माहीत असणं हा त्याचा हक्क आहे. १८५ साठी कलम २०२ खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन हक्काने मिळतो. नुसता दारूचा वास, लडखडती चाल आणि फाकलेल्या बाहुल्या एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने बच्चूभाई करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या जुन्या खटल्यात म्हटलेलं आहे. म्हणून मशीनची छापील पावती, तिच्यावरची वेळ, रीडिंग, मशीनचा क्रमांक, वैद्यकीय तपासणीचा कागद, हे सगळं मी आधी मागवून वाचतो आणि मगच अशिलाला कबुली द्यायची की लढायचं ते सांगतो.

रानमळा, तुमच्या भावाच्या बाबतीत ७८ हे रीडिंग काठावरचं नाही. कागदपत्रं नीट असतील तर लढून हाती काही लागेल अशी खोटी आशा मी लावणार नाही. कबुली दिली तर पुढे दोषसिद्धीवर अपील करता येत नाही, फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढंच वरच्या कोर्टात मांडता येतं. अपात्रतेचा आदेश मात्र सेशन्स कोर्ट बदलू शकतं, कलम २० मध्येच तशी सोय आहे. म्हणून कबुली द्यायचीच असेल तर एकट्याने रांगेत उभं राहून देऊ नका. वकील सोबत असू द्या, कैद न देता दंडावर भागवावं आणि अपात्रता सहा महिन्यांच्या वर नेऊ नये, यासाठी पहिला गुन्हा, कुटुंबाची जबाबदारी हे सगळं कोर्टासमोर नीट येऊ द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

पॅसिफिक_किनारा

मी कॅलिफोर्नियात राहतो. आमच्या मराठी मंडळातल्या एका मुलाला मदत करताना इथला कायदा समजला, म्हणून लिहितो. इथेही हेच दोन रस्ते आहेत. कोर्टातली केस वेगळी आणि डीएमव्ही, म्हणजे इथलं आरटीओ, त्याची कारवाई वेगळी. पोलिस लायसन्स काढून घेतो आणि तीस दिवसांचं तात्पुरतं देतो. लायसन्स वाचवायचं असेल तर अटकेपासून दहा दिवसांच्या आत डीएमव्हीकडे सुनावणी मागावी लागते. कोर्टाची तारीख महिन्याभराने असते म्हणून पोरं निवांत बसतात आणि ते दहा दिवस निघून जातात. इथली मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे आपल्या हिशेबाने ८० मिलिग्रॅम. भारतात आल्यावर तोच अंदाज डोक्यात ठेवून गाडी चालवणाऱ्यांनी ध्यानात घ्या, आपली मर्यादा त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) असलेल्यांसाठी एक गंभीर गोष्ट. २०१५ पासून नुसती ड्रंक ड्रायव्हिंगची अटक झाली तरी अमेरिकेचं परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं, दोष सिद्ध व्हायची वाट न बघता. देशात राहणं लगेच बेकायदा होत नाही, पण बाहेर गेलं की परत येण्यासाठी नव्याने व्हिसा घ्यावा लागतो. आई-वडिलांना भेटायला आलेला मुलगा त्यामुळे इकडेच अडकून पडतो.

सांजवेळ

आणि आपल्याकडे पासपोर्ट? माझ्या भाच्याची अशीच केस चालू आहे आणि त्याला ऑनसाइट जायचंय.

तालुका_कोर्ट (वकील)

कोर्टात फौजदारी केस प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. पण त्याच कोर्टाकडून परवानगी घेतली तर मिळतो, १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेत तशी तरतूद आहे. भाच्याला सांगा, अर्जात केस लपवू नको. नोकरीच्या फॉर्ममध्येही तेच. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सुप्रीम कोर्टाने या विषयावर सविस्तर निकाल दिला आहे. किरकोळ गुन्ह्याकडे एक वेळ मालक दुर्लक्ष करू शकतो, पण माहिती दडवणं हे नोकरी जायला स्वतंत्र कारण ठरू शकतं.

विमावाला_कोल्हापूर

विम्याबद्दल थोडं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा दारूच्या कारणावरून नाकारता येतो, आणि त्यासाठी दरवेळी रक्ततपासणीचा अहवाल लागतोच असं नाही. २००७ साली दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे गाडी आदळली होती. त्या प्रकरणात २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. इतर पुराव्यांवरून ड्रायव्हर नशेत होता हे दाखवता येतं, असं कोर्टाने म्हटलं. "चाचणीच झाली नाही, मग क्लेम तर मिळेल" असं धरून चालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कृष्णाकाठ

आमच्या दाव्यात न्यायाधिकरणाने विमा कंपनीला आधी आम्हाला भरपाई द्यायला लावली आणि ती रक्कम टेम्पोमालकाकडून वसूल करायची मुभा दिली. मालकाची गावची जमीन त्यात गेली असं ऐकलं. मला त्याचा आनंद झाला नाही. त्याची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्या आईशेजारीच बसलेली असायची.

वकीलसाहेब, तुम्हाला एक विचारायचं आहे. आमच्या केसमध्ये निष्काळजीपणाचंच कलम लागलं होतं. दारू पिऊन माणूस मारला तर एवढंच?

तालुका_कोर्ट (वकील)

नाही ताई, एवढंच नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याला कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. सात जण गेले, आठ जखमी झाले. त्या अॅलिस्टर परेरा खटल्यात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाचं कलम, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं (भादंवि) ३०४ भाग दोन, कायम ठेवलं. पिऊन बेदरकार गाडी चालवणाऱ्याला त्यात कुणाचा जीव जाऊ शकतो याची जाणीव होती असं मानता येतं, हा त्यातला धागा. शिक्षा तीन वर्षांची झाली. ती कमी वाटते हे मलाही पटतं. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत हेच कलम १०५ आहे, आणि निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम १०६ झालं. त्यात कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर गेली. कुठलं कलम लागेल ते तपास किती नीट झाला यावर फार अवलंबून असतं, विशेषतः रक्ताचा नमुना.

डॉ_सातारा

नमुन्याबद्दल मला पोटतिडकीने सांगायचं आहे. सुई टोचायच्या आधी त्वचा स्पिरिटने पुसायची नाही. सोडियम फ्लोराइड असलेल्या बाटलीत रक्त घ्यायचं, म्हणजे त्यात बदल होत नाही. सील करायचं, वेळ लिहायची आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवायचं. आरोपी स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष असेल तर दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच. यातली एक पायरी चुकली तरी निर्दोष माणूस अडकू शकतो किंवा दोषी सुटू शकतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर गेले, त्या प्रकरणात नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून या सरकारी रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. खरंखोटं कोर्टात ठरेल, पण ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्या पेशातल्या कितीतरी जणांना जेवण गेलं नाही. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरच्या हातात कुणाच्या तरी घराचा न्याय असतो, हे आम्ही विद्यार्थ्यांना आता दर बॅचला सांगतो.

फोंडा_नाका

गोव्याचं थोडं लिहितो. भाड्याची स्कूटर घेऊन फिरणाऱ्या पर्यटकांना वाटतं की इथे सगळं चालतं. दारू स्वस्त आहे एवढंच खरं. कायदा केंद्राचाच, मर्यादा तीच ३०, आणि कारवाई लायसन्सवर होते, मग ते लायसन्स कोल्हापूरचं असो की नागपूरचं.

वाट_चुकलेला

सगळं वाचून डोळे उघडले. आमच्या ग्रुपमध्ये गाडी माझी असते आणि मी पितच नाही, पण परत येताना थकलो की कधीतरी मित्राच्या हातात चावी देतो. तो "दोनच घेतलेत" म्हणतो. माझ्यावर काही येतं का?

तालुका_कोर्ट (वकील)

येतं. कलम १८८ प्रमाणे १८५ च्या गुन्ह्याला चिथावणी किंवा साथ देणाऱ्याला तीच शिक्षा आहे. मित्र प्यायलाय हे माहीत असून चावी दिली तर "मी तर प्यायलो नव्हतो" हा बचाव उरत नाही. दोन म्हणजे किती, ते डॉक्टरसाहेबांनी वर सांगितलंच आहे.

रानमळा_भोर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ स्वतः कृष्णाकाठ ताईंचे प्रतिसाद परत परत वाचत होता. बोलला काहीच नाही, मीही बोललो नाही. विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला आहे. वकील कागद बघून सांगतील त्याप्रमाणे करू, बहुतेक कबुलीच देऊ. आरटीओत जाऊन पत्ता आणि नंबर लेखी दिला. तिथल्या बाईंनी नीट माहिती दिली, प्रकरण अजून पोलिसांकडून आलेलं नाही म्हणाल्या.

निरीक्षकसाहेब, शेवटचं विचारतो. कोर्टाने सहा महिने दिले तर त्याच्या लायसन्सवर कायमचा डाग राहतो का? पुढे दुसरीकडे ड्रायव्हर म्हणून अर्ज करायचा झाला तर?

निवृत्त_निरीक्षक

अपात्रतेच्या आदेशाची नोंद लायसन्सवर होते. त्यानंतर सलग तीन वर्षं नवी कुठलीही नोंद झाली नाही तर कलम २५ प्रमाणे नोंद नसलेलं कोरं लायसन्स मागायचा त्याला हक्क आहे. ते आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत, दंडाची पावती आणि रिफ्रेशर कोर्सचं प्रमाणपत्र हे तिन्ही कागद मूळ स्वरूपात एका फाइलमध्ये जपून ठेवा आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. प्रकरण पोलिसांकडून आलेलं नाही म्हणताय, तर दर पंधरा दिवसांनी चक्कर मारून विचारत राहा. सुनावणीची तारीख लागली की इथे कळवा, लेखी म्हणण्याचा मसुदा मी बघून देतो.